चांदीची लगड कसाला लावताना



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी यंत्रमाग कामगारांच्या वेतनाविषयी किंवा बारा तासांच्या पाळीविषयी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला, 'जुनी चांदीची लगड खरी की खोटी, हे विकत घेण्यापूर्वी कसे ओळखावे.' चिटणीसांचा लगेच निरोप आला की, पत्र चुकून दुसऱ्याच कोणाचे आले काय? पत्र माझेच होते. मी सराफ नव्हे, रसायनशास्त्राचा पदवीधर नव्हे. सातवीतून शाळा सुटली आणि मी कांड्या भरायला लागलो. पुढचे शिक्षण नगरवाचनालयाने आणि युनियनच्या कचेरीतल्या रात्रींनी केले. असा मनुष्य या विषयाच्या वाटेस का गेला, हे आधी सांगतो. कारण त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती चूक हेच माझे या विषयातले पहिले पुस्तक.

२०१७ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या युनियनचा एक जुना सभासद, बावीस वर्षे मागावर उभा राहिलेला. मालकाने ग्रॅच्युइटी नाकारली होती. चार वर्षे तारखा झाल्या आणि शेवटी एक लाख चौदा हजार रुपये त्याच्या हाती पडले. त्या पैशाला वाटा फुटायला वेळ लागला नाही. कुणीतरी एक गृहस्थ त्याच्याकडे आला आणि त्याने एका फडक्यातून होडीच्या आकाराची एक चांदीची लगड काढून दाखवली. दोन्ही टोके वर उचललेली, मधे खळगा, खळग्यात चिनी अक्षरांचे ठसे. सांगण्यात असे आले की, मुंबईच्या कोटातला एका जुन्या अफूच्या व्यापाऱ्याचा वाडा पाडला, त्याच्या भिंतीतल्या तिजोरीत अशा पाच निघाल्या. व्यापाऱ्याने त्या १८३९ च्या आधी चीनहून आणलेल्या. वजन १,७९० ग्रॅम. त्या दिवसांत चांदीचा भाव किलोला चाळीस हजारांच्या आतबाहेर होता, म्हणजे नुसत्या धातूचेच सत्तर हजार झाले असते. मागणी बासष्ट हजारांची.

आमचा सभासद शहाणा. त्याने ताबडतोब पैसे मोजले नाहीत. तो लगड आणि तो गृहस्थ दोघांना घेऊन कचेरीत आला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही बघून सांगा. तुम्ही म्हणाल तसं."

आता माझी फजिती ऐका. मी वाचलेले होते की, चांदीला लोहचुंबक धरत नाही. कपाटाच्या दाराचा चुंबक काढून लावला, धरला नाही. मी वाचलेले होते की, सर्व धातूंत चांदी उष्णतेची सर्वांत चांगली वाहक, म्हणून तिच्यावर बर्फाचा खडा ठेवला तर तो डोळ्यांदेखत वितळतो. समोरच्या रसवंतीगृहातून बर्फ आणला, ठेवला, आणि तो खरोखरच तव्यावर लोणी पडावे तसा विरघळला. चार कामगार भोवती उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचे कौतुक मला दिसत होते, आणि खरे सांगायचे तर ते मला आवडत होते. मी म्हणालो, "घे."

सात-आठ महिन्यांनी पोरीचे लग्न ठरले आणि तो लगड विकायला निघाला. पेठेतल्या एका दुकानात तिला यंत्राखाली धरले. क्ष-किरणांचे ते यंत्र आता बहुतेक मोठ्या पेढ्यांवर असते. यंत्राने सांगितले, चांदी शंभराला सत्त्याण्णव. तरीही दुकानदार घ्यायला तयार होईना. म्हणाला, आटणीवाल्याकडून टंच काढून आणा. म्हणून आम्ही दोघे हुपरीला गेलो. हुपरी म्हणजे कोल्हापूरच्या बाजूचे चांदीचे गाव. घरोघर पैंजणांचे काम, कुठे तार ओढली जाते, कुठे डाग दिला जातो, कुठे घुंगरू बसवले जातात. तिथल्या एका वृद्ध आटणीवाल्याने लगड नुसती तळहातावर घेतली, एकदा खालीवर केली आणि म्हणाला, "दादा, ही चांदी न्हवं. हलकी लागतीया." मी यंत्राचा आकडा सांगितला. तो म्हणाला, "यंत्रानं कातडं बघितलं. आतलं काळीज कुठं बघितलंय?" मग आमच्या परवानगीने त्याने एका कडेला छन्नी लावली. दोन ठोक्यांत आतून लालभडक तांबे दिसू लागले. वर चांदीचा थर होता तो जाड कागदाएवढा.

परत येताना एस.टी.त आमचा सभासद बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. मग म्हणाला, "तुम्ही बर्फ लावलासा तवा मलाबी पटलं हुतं." मला दोष देण्याचा त्याचा हेतू नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. निकाल मी दिला होता; तेव्हा नुकसानीतले अर्धे मी दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने भरले. पोलिसांत तक्रार झाली. विकणारा सापडला नाही.

तर बर्फाचे काय चुकले? बर्फाचे काहीच चुकले नाही, माझ्या तर्कशास्त्राचे चुकले. चांदी उष्णतेची उत्तम वाहक हे खरे. पण चांदीची वाहकता शंभर धरली तर तांब्याची नव्वदाहून अधिक आहे. बर्फाच्या खड्याला हा फरक काय कळणार? चुंबकाचेही तेच. तांबे, पितळ, शिसे, कथील, जस्त यांतल्या एकालाही तो धरत नाही. 'चांदी असेल तर असे होते' यावरून 'असे झाले, म्हणून ती चांदी' असे मी म्हणालो. आमच्या मालकमंडळींनी असा तर्क केला असता तर मी तो सभेत फाडून काढला असता. या परीक्षा खोटे उघडे पाडू शकतात, खरे सिद्ध करू शकत नाहीत. चुंबकाने धरले तर लगड निश्चित खोटी. न धरले तर तुम्ही होता तिथेच आहात.

कसोटीच्या दगडाची प्रतिष्ठा आपल्या भाषेतच एवढी आहे की, तिच्याविरुद्ध बोलायला धीर लागतो. पण दगडावर उमटते ती वरच्या कातड्याची रेघ. पैंजण, जोडवे, वाळा अशा पातळ जिनसांना ती पुष्कळ उपयोगी. दीड-दोन किलोच्या गोळ्याला ती अपुरी. क्ष-किरणांचे यंत्र हे त्या दगडाचेच सुशिक्षित भावंड. त्याचे किरण चांदीत केसाच्या जाडीइतकेही खोल जाऊन परत येत नाहीत. पृष्ठभागापुरता त्याचा आकडा अचूक असतो, आणि नेमकी तीच अचूकता माणसाला फसवते.

मग त्या आटणीवाल्याच्या तळहाताला काय कळले, जे यंत्राला कळले नाही? त्याला कळला भारीपणा. आकारमान एवढे, तर वजन किती असायला हवे, हा हिशेब चाळीस वर्षांच्या कामाने त्याच्या मनगटात बसला होता. तुमच्या-माझ्या मनगटात तो नाही; पण आपल्याला तो पाण्यातून काढता येतो. आर्किमिडीज आणि राजाच्या मुकुटाची गोष्ट शाळेत सर्वांनी ऐकलेली आहे, ती पुन्हा सांगत नाही. कृती मात्र सांगतो, कारण शाळेत गोष्ट सांगतात आणि कृती राहून जाते.

स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा साधा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. आधी लगडीचे कोरडे वजन करा. मग काट्यावर पाण्याने अर्धे भरलेले पातेले ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. आता लगडीला बारीक पण मजबूत दोरा बांधा आणि हातात धरून ती पाण्यात पूर्ण बुडेल अशी लोंबकळत ठेवा. तळाला नाही, कडेला नाही, कुठेच टेकता कामा नये. काटा जेवढे ग्रॅम दाखवील तेवढे घन सेंटिमीटर त्या लगडीचे आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. शुद्ध चांदीचे उत्तर येते १०.४९. तांब्याचे ८.९६. पितळाचे साडेआठच्या आसपास. कथलाचे ७.३. शिशाचे ११.३४. आमच्या लगडीचे वजन १,७९० होते. चांदीची असती तर काट्याने १७१ दाखवायला हवे होते. दाखवले २०१. भागाकार ८.९. तीस ग्रॅमांचा हा फरक, चहात साखर किती पडली हे मोजणाऱ्या काट्यावरसुद्धा दिसला असता. बर्फासाठी मी रसवंतीगृहापर्यंत गेलो; एक पातेले मागवायचे मला सुचले नाही.

यात दोन-तीन खाचखळगे आहेत. जुन्या ओतीव लगडीच्या अंगावर बारीक भोके असतात. त्यांत हवेचे बुडबुडे अडकले तर आकारमान खोटे वाढते आणि चांगली लगड हलकी ठरते. म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा, लगड हलवावी आणि मग आकडा घ्यावा. आतल्या बंद पोकळ्यांमुळे आणि चांदीत थोडे हीण असल्यामुळे खऱ्या लगडीचे उत्तरही १०.४९ च्या किंचित खाली येऊ शकते. १०.३ आले म्हणून विकणाऱ्याच्या अंगावर धावून जाऊ नका. पण नऊच्या घरात आले तर चहा न पिता उठावे. तिसरा खळगा अधिक खोल आहे. शिसे चांदीहून जड, तांबे चांदीहून हलके. दोन्हींचे प्रमाण साधून आतला गाभा बनवला तर बेरीज बरोबर साडेदहाच्या आसपास आणता येते. म्हणजे पाणीही शेवटचा न्यायाधीश नव्हे. पण असे करायला हिशेबी लबाड लागतो, आणि बहुतेक लबाड आळशी असतात असा माझा अनुभव आहे.

शेवटचा न्यायाधीश म्हणजे आतला तुकडा. आडवे भोक पाडून खोलवरचा कीस काढायचा आणि त्याचा टंच घ्यायचा. कीस सोऱ्याच्या तेजाबात विरघळतो. त्यात मिठाचे पाणी टाकले की चांदी दह्याच्या कवडीसारखी पांढरी होऊन खाली बसते, आणि तांबे निळे-हिरवे होऊन वर पाण्यात राहते. शिशाचाही साका पांढराच बसतो. पण तो उकळत्या पाण्यात विरघळतो, आणि चांदीचा साका उन्हात ठेवला तर जांभळट काळा पडतो. हे मी तुम्हाला घरी करण्यासाठी सांगत नाही. तेजाबाच्या धुराने फुप्फुसे जाळून घेतलेली माणसे मी गाळाईच्या कामात पाहिली आहेत, आणि त्यांना नुकसानभरपाई मिळवून देणे हे त्यांच्या फुप्फुसांइतकेच कठीण झाले आहे. हे काम जाणत्याकडून, हवेशीर जागी करून घ्यावे. सांगण्याचे कारण एवढेच की, आटणीवाला काय करतो आहे हे समोर उभे राहून आपल्याला कळावे.

इथपर्यंत प्रश्न होता, चांदी आहे काय? पण जुन्या लगडीला किंमत येते ती जुनेपणामुळे, आणि तो प्रश्न अगदी वेगळा आहे. कालची शुद्ध चांदी आज जुन्या साच्यात ओतली तर ती पाण्याच्या, तेजाबाच्या, सगळ्या परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण होईल. तेव्हा दुसऱ्या परीक्षेचे साहित्य रसायनशाळेत नाही, इतिहासात आहे. या भागात मी थोडा रेंगाळणार आहे. अध्यक्षांनी घंटेकडे हात नेऊ नये.

या चिनी लगडीला इंग्रज व्यापारी सायसी म्हणत. हा शब्द कँटनच्या बोलीतला, अर्थ 'बारीक रेशीम'. उत्तम चांदी थंड होताना तिच्या पृष्ठभागावर रेशमाच्या धाग्यांसारख्या बारीक वलयांच्या रेघा उमटतात, त्यावरून हे नाव पडले. चीनमध्ये ही चांदी नाणे म्हणून पाडलेली नसे. खाजगी ओतारी लगडी ओतत, त्यांवर आपले नाव, गाव, कधी राजवटीचे वर्ष आणि महिना ठोकत, आणि व्यवहार वजनाने व कसाने होई. वजनाचे माप ताएल, म्हणजे आपल्या तीन तोळ्यांहून थोडे अधिक. मोठी होडी पन्नास ताएलांची, म्हणजे पावणेदोन किलोंहून थोडी जास्त. मोठ्या शहरांत परखखाने असत; तिथला परीक्षक लगड पाहून तिच्या खळग्यात शाईने वजन आणि कस लिहून देई. आणि चीनच्या किनाऱ्यावर परदेशी पेढ्यांत नाणी पारखणाऱ्या माणसाला काय म्हणत, ठाऊक आहे? श्रॉफ. म्हणजे आपला सराफ. हाँगकाँगमध्ये आजही मोटारतळावर पैसे भरण्याच्या खिडकीवर 'श्रॉफ' अशी पाटी असते.

या माहितीचा उपयोग असा. खऱ्या लगडीवरची अक्षरे पोलादी ठशाने ठोकलेली असतात. ठसा बसतो तिथे धातू दबतो आणि कडेला बारीकसा ओठ उचलला जातो, अक्षराच्या कडा धारदार राहतात. खोटी लगड बहुधा एका खऱ्या किंवा खोट्या नमुन्यावरून साचा घेऊन अक्षरांसकट ओतलेली असते. तिची अक्षरे चोखलेल्या गोळीसारखी गुळगुळीत दिसतात. दहा रुपयांचे भिंग पुरेसे आहे. तळाकडची भोकेही पाहावीत. वितळलेली चांदी हवेतला प्राणवायू भरपूर शोषून घेते आणि गोठताना तो बाहेर टाकते. त्यामुळे पोळ्यासारखी खोल, वेडीवाकडी, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी छिद्रे पडतात. साच्यातून निघालेली नकली भोके उथळ आणि तोंडाशी रुंद असतात, नाहीतर त्यांतून नमुना बाहेरच निघाला नसता. विकणाऱ्याकडे दोन लगडी असतील तर दोन्ही शेजारी ठेवा. एकीच्या भोकांची रांगोळी दुसरीवर तशीच दिसली, तर दोघी जुळ्या आहेत, आणि निसर्ग अशी जुळी प्रसवत नाही.

काळेपणावर विश्वास ठेवू नये. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते हे खरे, पण उकडलेल्या अंड्याच्या बलकाशेजारी डब्यात कोंडून ठेवली तर थोड्या वेळात शंभर वर्षांचे म्हातारपण येते. खरा काळेपणा खाचांत दाट आणि हाताळलेल्या उंचवट्यांवर विरळ असतो. घाईचा काळेपणा सगळीकडे सारखा, रंग दिल्यासारखा.

आता हकिकत तपासू. वस्तूइतकीच हकिकतही कसाला लावावी लागते, आणि हे काम आपल्यासारख्या धातूतले न कळणाऱ्यांना अधिक चांगले जमते. मुंबईतून माळव्याची अफू चीनला जाई आणि बदल्यात चांदी येई, हे खरे आहे. सर जमशेटजी जीजीभाईंसारख्यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीनच्या व्यापारातला होता. चिनी कायद्याने सायसी देशाबाहेर नेण्यास बंदी असूनही ती चोरून बाहेर पडे; चांदीचा हा ओघ थांबवावा ही दरबाराची चिंताच १८३९ साली लिन त्से-शू याने अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट करण्यामागे होती. म्हणजे चिनी चांदी मुंबईत आली, यात शंका नाही. पण आलेल्या चांदीचे काय झाले? १८२९ पासून मुंबईत नवी टांकसाळ चालू होती, आणि १८९३ पर्यंत कोणीही चांदी तिथे नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. व्यापाऱ्याला रुपये हवे असत, होड्या नव्हे. माळव्यातल्या अडत्याला, जहाजाच्या तांडेलाला, हमालाला चिनी लगड देऊन चालत नव्हते. म्हणून ती चांदी बहुतांशी गोदीतून सरळ टांकसाळीच्या मुशीत गेली. भिंतीतल्या तिजोरीत एखादी राहिली नसेल असे मी म्हणत नाही. पण जो म्हणतो पाच राहिल्या, त्याने पाच राहण्याचे कारण सांगितले पाहिजे.

आमच्या लगडीची गंमत पुढेच आहे. हुपरीहून आल्यावर मी तिच्या अक्षरांची छायाचित्रे चिनी भाषा जाणणाऱ्या एका प्राध्यापकांना पाठवली. त्यांचे उत्तर आले की, राजवटीचे नाव ग्वांगश्वी वाचता येते. ग्वांगश्वी बादशहा गादीवर आला १८७५ साली. आणि व्यापारी तर ती १८३९ च्या आधी घेऊन आलेला! लगडीला आणि हकिकतीला एकमेकींची ओळखही नव्हती. हे छायाचित्र मी 'घे' म्हणण्याच्या आदल्या दिवशी पाठवू शकलो असतो. पोस्टाचा खर्चसुद्धा लागला नसता.

कागदपत्रांची ताकद काय असते याचे एक उदाहरण देतो. १६२२ साली 'आतोचा' नावाचे स्पॅनिश जहाज फ्लोरिडाजवळ वादळात बुडाले. त्यावर अमेरिकेतल्या खाणींची चांदी होती. ज्या खाणींत मूळच्या रहिवाशांना पाळीपाळीने वेठीला धरून जमिनीखाली उतरवत, त्याच पोतोसीसारख्या खाणींची. त्या प्रत्येक पाटावर अनुक्रमांक, २४०० पैकी किती कस तो आकडा, राजाच्या कराचे शिक्के आणि मालकाची खूण ठोकलेली होती. शिवाय परीक्षकाने कस पाहण्यासाठी कोरून घेतलेला एक खळगा. त्या खळग्याला स्पॅनिश भाषेत 'घास' म्हणतात. जहाजावर चढवताना हे सारे आकडे वहीत लिहिले गेले, आणि ती वही सेव्हिलच्या दप्तरखान्यात राहिली. साडेतीनशे वर्षांनी, १९७३ मध्ये, पाणबुड्यांना चांदीचे पाट मिळाले तेव्हा त्यांवरचे आकडे वहीतल्या आकड्यांशी जुळले. जहाजाचा मुख्य साठा १९८५ साली सापडला. ज्यांनी ती चांदी खणली त्यांची नावे मात्र त्या वहीत नाहीत. असो, तो माझा नेहमीचा विषय; आज आवरतो.

आपल्याकडे येणाऱ्या विक्रेत्यांच्या हकिकती दोनच तऱ्हेच्या असतात. एक वाड्याची, दुसरी शेतात नांगराला लागल्याची. दुसरी ऐकली की माझे काम सोपे होते. जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची वर्दी कलेक्टरला दिलीच पाहिजे, असे १८७८ चा कायदा सांगतो. म्हणजे हकिकत खोटी असेल तर वस्तू खोटी, आणि हकिकत खरी असेल तर व्यवहार बेकायदा. दोन्हीकडे खड्डाच. वाड्याच्या वस्तूलाही १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे. शंभर वर्षांवरील अशा वस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि वस्तू परदेशी नेता येत नाही. तेव्हा पहिल्याच भेटीत विचारावे, "परवाना आहे काय? पावती देणार काय?" आम्ही युनियनची दहा रुपयांची वर्गणीसुद्धा पावतीशिवाय घेत नाही, आणि आमचा सभासद बासष्ट हजार पावतीशिवाय देत होता, माझ्या समोर, आणि मी बर्फाकडे पाहत होतो!

आणि भाव. खरी जुनी लगड हौशी संग्राहक धातूच्या भावापेक्षा जास्त देऊन घेतात. मग ज्याच्याजवळ ती आहे तो ती धातूच्याही भावाहून कमी किमतीत, मुंबई सोडून, आमच्या गावातल्या मागवाल्याला का विकतो? हा प्रश्न विचारायला ना काटा लागतो ना तेजाब. तो त्या दिवशी आम्हा सहाजणांपैकी एकालाही सुचला नाही. नड माणसाला आंधळे करते असे म्हणतात. मला नड नव्हती, मला कौतुक होते, त्यानेही तेच केले.

कोणी विचारील की, भोक पाडले तर जुन्या वस्तूची किंमत उतरते, मग विकणारा पाडू देईल काय? रास्त प्रश्न आहे. संग्रहासाठी घ्यायची वस्तू असेल तर भोक पाडायचा हट्ट मी धरणार नाही. ध्वनिलहरी आत सोडून गाभा तपासणारी उपकरणे आता मिळतात, ती जिथे असतील तिथे न्यावी. पण पातेल्याला, दोऱ्याला आणि भिंगाला हरकत घेणारा विक्रेता असेल तर तिथेच व्यवहार मोडावा. पाण्यात बुडवल्याने चांदीचे काही बिघडत नाही.

ती लगड मी आज बरोबर आणली आहे. कडेला छन्नीची खूण आहे, तिच्यावर मुद्दाम फडके बांधले आहे. इथे टेबलावर काटा आहे, पातेले आहे, दोरा आहे. आणि शेजारी माझ्या एका सराफ मित्राने विश्वासाने दिलेला खऱ्या चांदीचा एक किलोचा तुकडा आहे. तो मात्र मला रात्री नऊच्या आत परत करायचा आहे. तेव्हा आभारप्रदर्शन झाले की ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पुढे यावे, आधी दोन्ही हातांत घेऊन अंदाज सांगावा आणि मग स्वतः बुडवून पाहावे. मुलांना पुढे येऊ द्या.